घरचा स्टुडिओ वाढवताना: गाणं, पेटी आणि तबल्यासाठी काय घ्यावं, कशाच्या आधी

एक यूएसबी इंटरफेस (माइक लॅपटॉपला जोडणारं उपकरण), एक कंडेन्सर माइक (बारीक आवाजही टिपणारा, वीज लागणारा), हेडफोन आणि लॅपटॉप. घरी रेकॉर्डिंग करणाऱ्या बहुतेकांची सुरुवात एवढ्यावरच होते. वर्ष-दोन वर्षांनी वाटायला लागतं की आवाज ‘घरगुती’ येतोय, मग पहिला विचार महागड्या माइकचा येतो. तो घेऊनही फरक पडला नाही, तर अडचण बहुधा माइकमध्ये नव्हतीच. म्हणून पैसे काढायच्या आधी आहे त्या सामानावर अर्ध्या तासाची चाचणी करा. कशावर खर्च करायचा ते त्यातूनच कळतं.

पंखा आणि एसी बंद करा. गाताना ठेवता तेवढाच गेन (माइकचा सिग्नल किती वाढवायचा ते) ठेवून माइकसमोर तीस सेकंद शांतता रेकॉर्ड करा. मग माइकपासून सहा इंचांवर बसून एक ओळ गा आणि तीच ओळ दोन फुटांवरून गा. शेवटी खोलीच्या मधोमध उभं राहून एक जोरदार टाळी वाजवा. आता हेडफोन लावून नीट ऐका.

शांततेत ‘घूं’ असा खालचा आवाज येत असेल तर दोष विजेत किंवा केबलमध्ये आहे. ‘स्स्स’ असा सपाट आवाज असेल तर माइकचा स्वतःचा नॉइज जास्त आहे किंवा प्री-अॅम्प (इंटरफेसमधला सिग्नल वाढवणारा भाग) शेवटपर्यंत पिळावा लागतोय. रिक्षा, लिफ्ट, शेजारचा मिक्सर ऐकू येत असेल तर प्रश्न दारं-खिडक्यांचा. दोन फुटांवरची ओळ डब्यात गायल्यासारखी वाटली किंवा टाळीनंतर ‘टर्रर’ अशी धातूसारखी शेपटी आली, तर दोष खोलीचा. आणि हे सगळं ठीक असूनही तुमचं मिक्स गाडीत किंवा फोनवर भलतंच वाजत असेल, तर तुम्ही ज्यावर ऐकता ते स्पीकर किंवा हेडफोन बदलायला हवेत. नवा माइक यातल्या एकाच तक्रारीवर उपाय आहे, तोही अर्धा.

आधी खोली

फ्लॅटमधली साधारण खोली १० बाय १२ फूट आणि साडेनऊ फूट उंच असते. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये कोणता खालचा सूर अडकून फुगतो ते काढायला सोपं गणित आहे: ५६५ ला फुटांतल्या अंतराने भागा. १२ फुटांसाठी ४७ हर्ट्झ येतात, १० फुटांसाठी ५६.५ आणि साडेनऊ फुटांसाठी ५९.५. शेवटचे दोन आकडे जवळजवळ एकच आहेत, म्हणजे रुंदी आणि उंची मिळून एकाच जागी आवाज फुगवतात. डग्ग्याचा घुमार एका रेकॉर्डिंगमध्ये अंगावर येतो आणि दोन फूट सरकून बसलं की गायब होतो, त्याचं मोठं कारण हे. खोली चौरस असेल तर दुखणं आणखी वाढतं.

अंड्याचे ट्रे किंवा इंचभर जाडीचा फोम लावून हे जात नाही. पातळ फोम फक्त वरच्या पट्टीतला आवाज शोषतो, खालचा तसाच राहतो. परिणामी खोली आणखी कोंदट लागते. काम करतं ते रॉकवूल किंवा ग्लासवूल. इन्सुलेशनचं सामान विकणाऱ्या दुकानात ४८ किलो प्रति घनमीटर घनतेचा, ५० मिलिमीटर जाडीचा, साधारण १ मीटर बाय ६० सेंटिमीटरचा स्लॅब मागा. दोन स्लॅब एकावर एक ठेवून १०० मिलिमीटरचा पॅनल करायचा. आठ पॅनलला सोळा स्लॅब लागतात. दोन स्लॅबचं वजन तीन किलोच्या आत राहतं, त्यामुळे पाइनच्या पट्ट्यांची साधी चौकट पुरते. सुताराकडून चौकट करून घ्या आणि वरून मांजरपाट किंवा खादी ताणून स्टेपल करा. कापड ओठांशी धरून फुंकर मारा. ती आरपार गेली तर कापड चालेल. रेक्झिन किंवा प्लास्टिकचं अस्तर असलेलं पडद्याचं कापड लावलं तर वरचा आवाज त्यावरूनच परत फिरतो. स्लॅब हाताळताना हातमोजे आणि मास्क वापरा, धागे त्वचेला आणि घशाला खाजतात.

पॅनल भिंतीला चिकटवू नका. मागे दोन इंचांचे लाकडी ठोकळे लावून हवेची फट ठेवा. त्या फटीने पॅनल आणखी खालच्या सुरांपर्यंत काम करतो. मुंबई-कोकणात तिचा दुसराही उपयोग आहे: पावसाळ्यात भिंतीला ओल आली तर कापडाला बुरशी धरत नाही.

कुठे लावायचे हे इंटरनेटवरच्या चित्रांतून उचलू नका, कारण त्या चित्रांतला गायक उभा असतो. आपल्याकडे गायक, पेटीवाला, तबलजी सगळे खाली बसतात. बसलेल्या माणसाचं तोंड जमिनीपासून अडीच-तीन फुटांवर असतं. पॅनल चार फुटांवरून सुरू झाला तर तो नुसती शोभा. खालची कड जमिनीपासून सहा इंचांवर ठेवा. पहिले दोन पॅनल गायकाच्या पाठीमागे लावा. हे ऐकून अनेकांना नवल वाटतं, पण कार्डिऑइड (मुख्यतः समोरचंच ऐकणाऱ्या) माइकचं तोंड गायकाकडे असतं, म्हणजे तो गायकाच्या मागची भिंतही ऐकतो. पुढचे दोन डाव्या-उजव्या बाजूला आणि उरलेले चार कोपऱ्यांत तिरके उभे करा, कारण खालचे सूर कोपऱ्यांत साचतात. जमिनीचंही तेच. टाइल्सवर नुसती सतरंजी टाकून काही होत नाही. तीन-चार इंचांची कापसाची गादी घाला. एखादी भिंत मोकळी राहू द्या, नाहीतर तबल्याची चाट मरगळते.

एक गल्लत इथेच टाळा. पॅनल खोलीतला आवाज सुधारतात, बाहेरचा आवाज अडवत नाहीत. त्यासाठी दाराखालची आणि चौकटीची फट रबरी पट्टीने बुजवा. सरकत्या खिडक्यांमधून गळणारा आवाज थांबवायला आतून दुसरी जाड काच लागते, ते मोठं काम आहे. तेवढं जमत नसेल तर दुपारी दोन ते चार किंवा रात्री अकरानंतर बसावं.

ऐकण्याचं साधन

खोली हाताशी आली की मॉनिटर, म्हणजे मिक्स ऐकायचे स्पीकर. १० बाय १२ च्या खोलीत पाच इंची वूफरचे स्पीकर पुरे होतात. यामाहा एचएस५, जेबीएल ३०५पी, अॅडम टी५व्ही या वर्गातले. आठ इंची घेतले तर ते याच खोलीत ५६-५९ हर्ट्झवर जास्त फुगतील आणि तुम्ही डग्गा गरजेपेक्षा कमी करून बसाल. टेबल १० फुटी भिंतीला लावा, म्हणजे स्पीकरचं तोंड खोलीच्या लांबीकडे राहील. कान समोरच्या भिंतीपासून साधारण साडेचार फुटांवर यावेत. दोन स्पीकर आणि तुमचं डोकं यांचा समभुज त्रिकोण व्हावा, बाजू तीन ते साडेतीन फूट. ट्वीटर (वरचे सूर वाजवणारे छोटे स्पीकर) कानाच्या उंचीवर हवेत. डावीकडे भिंत आणि उजवीकडे उघडा दरवाजा असेल तर दोन्ही बाजूंचा आवाज कधीच जुळत नाही, तेव्हा टेबल मधोमध ठेवा. स्पीकर भिंतीजवळ ठेवावेच लागले तर एचएस५ च्या मागे रूम कंट्रोलचं बटण आहे, ते –२ किंवा –४ वर करा.

मोजून पाहायचं असेल तर रूम ईक्यू विझार्ड हे सॉफ्टवेअर फुकट आहे आणि बेहरिंगर ईसीएम८००० किंवा मिनीडीएसपी यूमिक-१ सारखा मोजणीचा माइक त्याला पुरतो. पॅनल लावायच्या आधी आणि नंतर स्वीप (खालपासून वरपर्यंत सरकणारा चाचणीचा सूर) घ्या. आलेखातला खड्डा ईक्यूने (ठरावीक सूर कमी-जास्त करणाऱ्या साधनाने) भरायच्या भानगडीत पडू नका. भिंतीवरून परतलेल्या लाटेने तिथला सूर खोडलेला असतो, तुम्ही वाढवाल तेवढी परतणारी लाटही वाढते. खुर्ची सहा इंच पुढेमागे करून पाहा, त्याने जास्त फरक पडतो.

शेजाऱ्यांमुळे स्पीकर लावताच येत नसतील तर तो पैसा हेडफोनवर टाका, मात्र दोन वेगळे घ्या. गाताना बंद पाठीचा लागतो, नाहीतर कानातला तानपुरा आणि तालमाला (ठेका वाजवणारं यंत्र) गळून माइकमध्ये शिरते आणि पुढे कितीही खटपट केली तरी निघत नाही. बायरडायनॅमिक डीटी ७७० प्रो ८० ओहम किंवा ऑडिओ-टेक्निका एटीएच-एम५०एक्स यासाठी चांगले. एक कान उघडा ठेवून गायची सवय असेल तर त्या बाजूचा आवाज सॉफ्टवेअरमध्ये पॅन करून (दुसऱ्या कानाकडे वळवून) बंद करा. मोकळा लोंबणारा कप हाच गळतीचा सगळ्यात मोठा स्रोत असतो. मिक्ससाठी उघड्या पाठीचा, उदाहरणार्थ सेनहायझर एचडी ६००. तो ३०० ओहमचा आहे. लहान इंटरफेसवर त्याचा आवाज कमी पडू शकतो, म्हणून घेण्याआधी आपल्याच इंटरफेसला लावून पाहा.

माइक

कागदावरचे आकडे वाचायला शिका. पहिला आकडा सेल्फ नॉइज, म्हणजे माइकचा स्वतःचा नॉइज. ऑडिओ-टेक्निका एटी२०२० चा तो २० डेसिबल आहे, एटी२०३५ चा १२ आणि रोड एनटी१ च्या पाचव्या पिढीचा ४. वीसवरून बारावर आलात तर संथ आलापात, तानपुऱ्यात, स्वरमंडलात फरक स्पष्ट ऐकू येतो. बारावरून चारवर यायला पैसे मोजण्याआधी खोली किती शांत आहे ते पाहा. रहदारीच्या रस्त्यावरच्या फ्लॅटमध्ये खोलीचाच आवाज माइकच्या नॉइजच्या कितीतरी वर असतो, तिथे ती शांतता बुडून जाते.

दुसरा आकडा सेन्सिटिव्हिटी, म्हणजे तेवढ्याच आवाजाला माइक किती मोठा सिग्नल देतो ते. शुअर एसएम७बी हा डायनॅमिक माइक सध्या फार लोकप्रिय आहे, पण त्याचा सिग्नल खूप बारीक, –५९ डीबीव्ही (आकडा जितका उणे, तितका सिग्नल बारीक). कंपनी स्वतः किमान ६० डेसिबल गेन लागतो म्हणून सांगते. फोकसराइटच्या स्कार्लेट २आय२ या इंटरफेसच्या तिसऱ्या पिढीत ५६ डेसिबल आहेत, चौथ्या पिढीत ६९. जुन्या इंटरफेसवर एसएम७बी लावला की गेन शेवटपर्यंत जातो आणि ‘स्स्स’ सुरू होतं. मग क्लाउडलिफ्टरसारखा २५ डेसिबलचा बूस्टर वेगळा घ्यावा लागतो. हिशेब करताना ही किंमत माइकमध्येच धरा. ज्यांची खोली सुधारणं शक्यच नाही आणि जे माइकच्या अगदी जवळून गातात, त्यांना हा माइक खरोखर उपयोगी आहे. ख्याल गाणाऱ्याला मात्र आमचं मत मोठ्या डायफ्रॅमच्या (आवाजाने हलणाऱ्या आतल्या पडद्याच्या) कंडेन्सरकडे राहील, कारण फुटभर अंतरावरूनही तो मींड आणि कण नीट पकडतो.

गळ्यासाठी माइक तोंडापासून आठ ते बारा इंच ठेवा, नाकाच्या उंचीवर, थोडा खाली झुकवून. पॉप फिल्टर माइकपासून तीन-चार इंचांवर. फार जवळ गेलं तर खर्ज कृत्रिमपणे जाड होतो. माइकवरचं ८० हर्ट्झचं लो-कट बटण बहुतेक वेळा चालू असावं, त्याने जमिनीतून येणारी थरथर जाते. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुषाचा मध्य षड्ज १३८.६ हर्ट्झ असतो, म्हणजे मंद्र पंचम १०४ वर आणि मंद्र षड्ज ६९ वर. पंचमापर्यंतच उतरत असाल तर निर्धास्त राहा. मंद्र षड्जाला ठेहराव घेणार असाल तर बटण बंद ठेवा आणि स्टँडखाली जाड फोम घाला.

पेटीला लोक माइक फार जवळ लावतात, मग सुरांबरोबर भात्याची सुसकारी आणि पट्ट्यांची टकटक येते. लहान डायफ्रॅमचा कंडेन्सर दीड-दोन फुटांवर, वरून आणि वादकाच्या समोरून लावा, भात्याच्या बाजूने नव्हे. भात्याची बिजागरी करकरत असेल तर आधी ती दुरुस्त करून घ्या, तो आवाज कुठलाही माइक लपवणार नाही.

तबल्याला दोन माइक. तबल्यावर लहान डायफ्रॅमचा कंडेन्सर आठ-दहा इंच वर, हाताच्या वाटेबाहेर, शाई (मधला काळा गोल) आणि लव (त्याभोवतालची मोकळी पुडी) जिथे मिळतात तिकडे रोखलेला. डग्ग्यावर शुअर एसएम५७ सारखा डायनॅमिक चालतो, मोठ्या डायफ्रॅमचा कंडेन्सर असेल तर घुमार आणखी भरीव येतो. रेकॉर्ड झाल्यावर एका ट्रॅकची पोलॅरिटी (लाटेची वर-खाली दिशा) उलटी करून ऐका आणि ज्यात डग्गा भरीव लागेल ती ठेवा. ‘ना’ आणि ‘तिरकिट’चे फटके मीटरवर दिसतात त्याहून अणकुचीदार असतात, त्यामुळे कंडेन्सरवर दहा डेसिबलचा पॅड (सिग्नल तेवढा कमी करणारं बटण) असलेला बरा.

सगळे एकत्र बसून वाजवणार असतील तर बसण्याची रचना माइकच्या किमतीपेक्षा महत्त्वाची. गायक आणि तबलजी समोरासमोर बसवा, म्हणजे प्रत्येकाच्या माइकची पाठ दुसऱ्याकडे येते आणि कार्डिऑइड माइक पाठीमागचं सगळ्यात कमी ऐकतो. माइक आपल्या वाद्यापासून एक फुटावर असेल तर दुसरा माइक त्याच्यापासून निदान तीन फुटांवर हवा.

इंटरफेस: तोंडं मोजून घ्या

आवाज सुधारेल या आशेने इंटरफेस बदलू नका. आजच्या बऱ्या यूएसबी इंटरफेसचे कन्व्हर्टर (आवाजाचं आकड्यांत रूपांतर करणारे भाग) घरच्या खोलीपेक्षा खूपच स्वच्छ असतात. बदलायचं खरं कारण एकच, माइकची तोंडं कमी पडणं. गायक, पेटी, तबला, डग्गा म्हणजे चार प्री-अॅम्प. इथे नावावर फसायला होतं. स्कार्लेट ४आय४ मध्ये माइक प्री-अॅम्प दोनच आहेत, बाकीची दोन तोंडं लाइनची (आधीच मोठ्या असलेल्या सिग्नलसाठी). १६आय१६ मध्येसुद्धा दोनच. चार प्री-अॅम्प हवे असतील तर ऑडियंट ईव्हो ८, बेहरिंगर यूएमसी४०४एचडी किंवा स्कार्लेट १८आय१६ पाहा.

ऑडियंट आयडी१४ सारखा ऑप्टिकल तोंड असलेला इंटरफेस आधीच असेल तर तो विकू नका. बेहरिंगर एडीए८२०० जोडलं की आठ प्री-अॅम्प वाढतात. ऑप्टिकल केबलवरून ४८ किलोहर्ट्झला आठ चॅनेल जातात, ९६ ला चारच, आणि एडीए८२०० तसंही ४८ च्या वर जात नाही. जोडल्यावर दर काही सेकंदांनी ‘टिक’ आवाज आला तर घड्याळाची (दोन्ही यंत्रांचा वेग जुळवणाऱ्या सिग्नलची) गडबड आहे: एडीए८२०० ला मास्टर ४८ वर ठेवा आणि इंटरफेसच्या सॉफ्टवेअरमध्ये क्लॉक सोर्स ऑप्टिकल करा. ४८ व्होल्टची फँटम पॉवर (कंडेन्सर माइकला केबलमधूनच मिळणारी वीज) तिथे सगळ्या चॅनेलना एकदम जाते. डायनॅमिक माइकला त्याने धोका नाही, जुना रिबन माइक (पातळ धातूच्या फितीचा) असेल तर मात्र तो त्यावर लावू नका.

रेकॉर्डिंग २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ. गेन आलापावर लावू नका, तार सप्तकातल्या सगळ्यात जोरदार तानेवर लावा. ती मीटरवर –१० ते –६ डेसिबलच्या दरम्यान थांबली की आलाप मीटरवर खूप खाली दिसेल, दिसू द्या. २४ बिटमध्ये तो नंतर वर उचलता येतो, फाटलेली तान मात्र दुरुस्त होत नाही.

वीज, केबल, ओल

‘घूं’ शोधायला लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवा. आवाज गेला तर अर्थिंग तपासायला इलेक्ट्रिशियन बोलवा. जुन्या इमारतींत तीन पिनांचं सॉकेट असतं आणि अर्थची तार आत कुठेच जोडलेली नसते. फेज आणि अर्थमध्ये मीटरवर सुमारे २३० व्होल्ट दिसायला हवेत. ‘घूं’ घालवण्यासाठी प्लगची अर्थ पिन कापायचा सल्ला कोणी दिला तर तो ऐकू नका, धातूच्या माइकला ओठ लागलेले असताना तो जिवावर बेतू शकतो. इंटरफेस, लॅपटॉप आणि स्पीकर एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर घ्या. इंटरफेसपासून स्पीकरपर्यंत टीआरएस बॅलन्स्ड (तीन जोडांची, बाहेरची खरखर खोडणारी) केबल वापरा, साधी गिटार केबल नव्हे. लोडशेडिंगच्या भागात इन्व्हर्टर शुद्ध साइन वेव्हचाच हवा, स्क्वेअर वेव्हवर मॉनिटर करवतीसारखे कुरकुरतात.

मुंबईत लॅमिंग्टन रोडवर, पुण्यात बुधवार पेठेत चांगली केबल आणि न्यूट्रिकचे कनेक्टर सुटे मिळतात. तिथल्याच कारागिराकडून हव्या त्या लांबीची केबल डाग देऊन घेतली तर तयार केबलपेक्षा बऱ्याचदा टिकाऊ निघते. घेताना कनेक्टर उघडून टाके पाहा आणि जाळी पिन १ ला जोडलेली आहे याची खात्री करा.

कंडेन्सर माइक पावसाळ्यात स्टँडवर राहू देऊ नका. डायफ्रॅमवर ओल बसली की ‘फट्‌फट्’ असे फुटाणे ऐकू येतात आणि लोक केबल बदलत बसतात. हवाबंद डबा, आत रंग बदलणारं सिलिका जेल, शेजारी छोटा हायग्रोमीटर. आर्द्रता ४० ते ५० टक्के ठेवा.

वापरलेला माइक घेताना विक्रेत्याच्या शब्दावर जाऊ नका. फँटम पॉवर लावून एक मिनिट शांतता रेकॉर्ड करा, केबल हलवून पाहा, मग माइकच्या पुढून, बाजूने आणि पाठीमागून तेच वाक्य बोला. कार्डिऑइड माइक पाठीमागून पुढच्याइतकाच ऐकत असेल तर कॅप्सूल बिघडलेली आहे किंवा माल नकली आहे. एसएम५७ आणि एसएम५८ ची नक्कल बाजारात भरपूर फिरते, ते अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्या. नवा माइक आणि जुना माइक शेजारी-शेजारी लावून एकच बंदिश दोन्हींवर एकदम रेकॉर्ड करा. ऐकताना दोन्ही ट्रॅकची पातळी सारखी करा, कारण एक-दोन डेसिबल मोठा असलेला आवाज कानाला नेहमी ‘चांगला’च लागतो. नावं झाकून दुसऱ्या कुणाकडून ट्रॅक बदलून घ्या. फरक ओळखता आला नाही तर परत करण्याची मुदत संपायच्या आत माइक परत करा आणि तेवढ्याच पैशांत आणखी चार पॅनल बांधा.